सरांना पाडायचा वर्ग

माणसाने चाळिशी ओलांडल्यावर दोन गोष्टी करू नयेत. एक, दुसऱ्यांच्या मुलांना काही शिकवायला जाऊ नये. आणि दोन, इमारतीच्या सेक्रेटरीकडे कसलीही परवानगी मागू नये. मी दोन्ही एकाच आठवड्यात केल्या, आणि त्याही घरातले सगळे 'नको, नको' म्हणत असताना. घरातले सगळे म्हणजे माझी बायको. पण ती एकटी सगळ्यांइतकं बोलते.

मला तेक्क्यॉन येतं. हे वाक्य ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते आता मला पाठ झालं आहे, म्हणून लगेच खुलासा करतो. ही कोरियातली जुनी, परंपरागत युद्धकला आहे. टीव्हीवर दिसते ती पट्टे बांधून फळ्या फोडायची नव्हे. तिच्याहून जुनी आणि स्वभावाने शांत. इथे पट्टा नाही, फळी नाही. सैल पांढरे कपडे घालायचे, गुडघ्यात लवत डुलत डुलत पावलं टाकायची, आणि डुलता डुलता समोरच्याला पायाने असं ढकलायचं की तो पडावा, पण त्याला लागू नये. पडला तो हरला. नोकरीनिमित्त काही वर्षं तिकडे होतो तेव्हा एका म्हाताऱ्या गुरुजींकडे शिकलो. ती हकीकत मोठी आहे आणि तुम्हाला ती ऐकायची नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

तर सकाळी मी गच्चीवर एकटाच डुलत असे. कपडे वाळत घालायला येणाऱ्या बायका मला वळसा घालून जात. एका सकाळी चौथ्या मजल्यावरची टिचकी टॉवेल घेऊन वर आली. तिचं खरं नाव कुणी वापरत नाही. सगळी मिळून छत्रीएवढी आहे आणि कुठेही पटकन लागते, म्हणून टिचकी. टॉवेल तसाच हातात धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"व्यायाम आहे हा. समोरच्याला पाडायची विद्या आहे."

"मोठ्या माणसालाही पाडता येतं?"

"नीट शिकलं तर येतं."

"मग मला शिकवा," ती म्हणाली. टॉवेल खाली पडला होता आणि ती त्यावरच उभी होती.

एवढ्यावरून मी वर्ग काढायचं ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

आमचे सेक्रेटरी आयुष्यभर कुठल्याशा खात्यात नियम तयार करायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांचे हात शिवशिवू लागले, तेव्हा इमारतीने त्यांना पद देऊन टाकलं. पहिल्या मजल्यावरच्या हॉलची नियमावली त्यांनीच लिहिलेली. तिच्यात सभा, गायन, नृत्य आणि बैठे खेळ यांना परवानगी होती आणि मारामारीला सक्त मनाई होती.

"कोणत्या कलमाखाली देऊ?" त्यांनी विचारलं. "समोर माणूस असतो का?"

"असतो."

"त्याला लाथ मारता?"

"मारत नाही. पायाने ढकलतो. म्हणजे... आपुलकीने."

"आपुलकीने लाथ," असं पुटपुटत ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "करून दाखवा."

मग त्यांच्या दिवाणखान्यात, सोफा आणि माशांची पेटी यांच्यामधल्या जागेत, मी डुललो. या कलेत श्वासाबरोबर 'इक, एक' असा आवाज काढायचा असतो, तोही काढला. त्यांच्या पत्नी चहा घेऊन येत होत्या, त्या तशाच आत परतल्या. सेक्रेटरींचा चेहरा मात्र उजळला.

"अहो, हे तर नृत्य आहे!"

एका युद्धकलेच्या अभ्यासकाने खरं तर तिथून ताडकन उठून यायला हवं होतं. पण अडला हरी. मी 'हो' म्हटलं. हॉलबाहेर 'पारंपरिक नृत्यवर्ग' अशी पाटी लागली. वर एक अट होती. तीन महिन्यांनी समिती पाहणी करणार. तोवर डझनभर मुलं टिकलेली नसतील, तर हॉलमध्ये टेबल-टेनिसचं टेबल येणार. टेबल आधीच विकत घेऊन झालं होतं आणि सेक्रेटरींच्या बाल्कनीत दुमडून उभं होतं. त्यामागे त्यांच्या पत्नीची झाडं होती, त्यामुळे घरात वातावरण तंग होतं.

सुरुवातीला मुलं भरपूर आली. त्यातल्या काहींच्या आयांनी पाटी वाचून त्यांना घुंगरू घेऊन पाठवलं होतं. मी 'इक, एक' म्हटलं की मागून सगळी एका सुरात 'दोन, तीन' म्हणत. ते बंद करायला पहिला आठवडा गेला. नंतर त्यांच्या लक्षात आलं की सर रोज तेच शिकवतात. तेक्क्यॉनचा पायाच डुलण्यात आहे. पावलं मुरल्याशिवाय पुढचं काही येत नाही. माझ्या गुरुजींनी मला सबंध हिवाळाभर नुसतं डुलवलं होतं. पण मी तेव्हा पगार घेणारा माणूस होतो, मला कंटाळण्याची सवय होती.

"सर, मारायचं कधी?" एकाने विचारलं.

"मारायचं नाहीच. आधी डुलायचं."

"मग शेवटी?"

"शेवटीसुद्धा डुलायचंच. पण चांगलं."

दुसऱ्या दिवसापासून तो पोहायला जाऊ लागला. मग कुणाचा गृहपाठ वाढला, कुणाचा गुडघा दुखू लागला, एकाची आजी आली, आणि ती परत गेली तरी तो आला नाही. एका संध्याकाळी हॉलमध्ये मी, टिचकी आणि विसरून राहिलेले घुंगरू एवढेच उरलो. टिचकी मात्र एकही दिवस चुकली नाही. जीभ किंचित बाहेर काढून, भिंतीवर डोळे लावून ती डुलत राहायची.

मुलांना कसं टिकवावं याबद्दल इमारतीत सगळ्यांनाच माहिती होती. हॉलच्या बरोबर खाली ज्यांचा दवाखाना आहे ते दाताचे डॉक्टर म्हणाले, "अहो, स्टिकर द्या. मी न रडणाऱ्याला चांदणी देतो. पोरं दात काढून घ्यायला रांग लावतात." मी चांदण्या आणल्या. मुलं परत आली, चांदण्या घेतल्या, आणि आठवड्याभरात चांदणी मिळाल्याशिवाय पाऊल उचलेनाशी झाली. "या पावलाची चांदणी की पुढच्या?" असं मधेच थांबून विचारत. दवाखान्यात तोंड उघडं असल्यामुळे मुलांना घासाघीस करता येत नाही, हा फरक डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "बढती हवी माणसाला. रंगीत पट्टे द्या." आमच्या कलेत पट्टे नसतात हे त्यांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणूनच तुमची कला मागे पडली." हे मला लागलं. रागाच्या भरात घरी येऊन मी माळ्यावरचे जुने पडदे काढले आणि त्यांचे पट्टे कापले. हिरवा सुरुवातीचा, मग पिवळा, मग लाल. दुसऱ्या दिवशी दोन आया दारात आल्या. एकीच्या मुलाला हिरवा मिळाला म्हणून ती, आणि दुसरीच्या मुलाच्या पांढऱ्या विजारीला लाल रंग लागला म्हणून ती. त्यांच्यापुढे मी कसाबसा उभा असतानाच बायको बाहेर आली.

"अहो, हा बेडरूमचा पडदा नाही का?"

"जुना होता गं."

"जुना नव्हता. धुऊन ठेवला होता." मग ती त्या दोघींना म्हणाली, "या ना आत. तुमचं झालं की मला पण बोलायचंय यांच्याशी."

राहता राहिली फळी. ती फोडून दाखवा म्हणजे मुलं हरखतील, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. आमच्या परंपरेत हे बसत नाही. पण एव्हाना परंपरेत नृत्य, चांदण्या आणि पडदे बसले होते, तर फळीने काय घोडं मारलं होतं? सुताराकडून पातळशी फळी आणली. ती त्याने काय लाकडाची दिली ते देव जाणे. फळी शाबूत राहिली आणि माझा अंगठा वांग्याच्या रंगाचा झाला. लंगडत मी खाली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठ्याकडे आदराने पाहिलं आणि म्हणाले, "माझं क्षेत्र वरचं आहे." पुढचे काही दिवस ऑफिसात मी एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून गेलो. साहेबांनी काही विचारलं नाही, ते जास्त झोंबलं.

त्याच अंगठ्याने पुढचं सगळं घडवलं. तेक्क्यॉनमध्ये एक सुरेख रीत आहे: खेळताना एक पाय समोरच्याच्या टप्प्यात पुढे ठेवायचा. घे, तुझ्यासाठी ठेवला आहे, असा एक प्रकारचा पाहुणचार. ती रीत दाखवायला मी टिचकीपुढे पाय ठेवला, तिने तिच्या पायाने तो हलकेच ओढला, मी तोल सावरायला दुखऱ्या अंगठ्यावर भार दिला आणि 'आई गं!' म्हणून सपशेल आडवा झालो.

मग हॉलमध्ये जो काही आरडाओरडा झाला, तो ऐकून बाहेरून जाणारी मुलंसुद्धा आत धावली. टिचकी स्वतःच्या पायाकडे बघत होती. तो आपलाच आहे ना, अशी खात्री करून घेत असावी.

"मी पाडलं?"

आता इथे 'नाही गं, अंगठा दुखतोय' म्हणायला हवं होतं. पण तिचा चेहरा इतका फुलला होता, आणि हॉल इतका भरला होता, की मी म्हणालो, "वा! जमलं की तुला!"

दुसऱ्या दिवशी वीस-बावीस मुलं हजर. चांदणी नको, पट्टा नको. सगळ्यांना सरांना पाडायचं होतं. मी पडत्या फळाची आज्ञा मानली. पावलं नीट टाकणाऱ्याला शेवटी मला पाडायची एक संधी, असा नियम केला. काय सांगू, पोरं डुलायला लागली! पोहायला गेलेला परत आला. आणि मी पडण्यात प्रवीण झालो. जाड्या मुलासाठी मागे, लाजाळूसाठी हळूच बाजूला, जुळ्यांसाठी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, तक्रार नको म्हणून. घरी आलो की बायको न बोलता पाठीला मलम चोळायची. न बोलता म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. पण वर्ग वाचला होता. पडलो तरी नाक वर, म्हणतात ना, तो माणूस मी होतो.

मग एका संध्याकाळी डॉक्टर वर आले. त्यांचा एप्रन तसाच अंगावर होता.

"अहो, तुम्ही पडता तेव्हा माझं छत हलतं. आणि माझ्या हातात ड्रिल असतं."

प्रश्न गंभीर होता. आम्ही दोघं शिकलेली, समंजस माणसं. चहा पिता पिता तोडगा काढला. ड्रिल सुरू असताना मी पडायचं नाही. पेशंटने चूळ भरायला मान वळवली की डॉक्टर झाडूच्या दांड्याने छताला ठोकणार. ठोका ऐकू आला की मी पडायचं. दोघांनाही ही योजना इतकी निर्दोष वाटली की आम्ही हात मिळवले. लाथ मुलं मारणार आणि पडण्याची वेळ दातांवर ठरणार, यात काही विसंगत आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिले काही दिवस निभावलं. मुलाने पाय मारला की मी नुसता झोकांडत राहायचो, दोन्ही हात हवेत फिरवत, ठोक्याची वाट बघत. कधी पटकन ठोका यायचा, कधी अक्कलदाढ निघायची. एकदा एका दाढेपायी मी इतका वेळ झोकांडलो की मुलं खाली बसली.

मग टिचकीची पाळी आली. तिने मला पायाने ढकललं. खाली ड्रिल सुरू होतं, मी झोकांडलो आणि कसाबसा उभा राहिलो. तिने पुन्हा ढकललं. ड्रिल चालूच. शेवटी ती दमून मागे सरली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. तेवढ्यात खालून ठक् असा आवाज आला आणि मी, सवयीने, 'आई गं!' म्हणून धाडकन पडलो.

माझ्या आसपास कुणीसुद्धा नव्हतं.

मुलं हसली. त्यांना हाही एक प्रकार वाटला. टिचकी हसली नाही. तिने जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नाडी अर्धवट सोडून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हॉल भरलेला होता, पाहणी चार दिवसांवर आली होती, सगळं सुरळीत होतं. आणि माझं डुलण्यात लक्ष लागेना. शेवटी एका सकाळी लिफ्टमध्ये ती भेटली. पाठीवर दप्तर, नजर आकड्यांवर.

"काय गं, येत नाहीस?"

"नाही."

"अगं, गंमत होती ती. मुलांना आवडतं म्हणून..."

"पहिल्या दिवशीपण गंमत होती?"

"तेव्हा अंगठा दुखत होता माझा," मी खरं सांगून टाकलं.

तिने मान हलवली. लिफ्ट तळमजल्यावर आली, दार उघडलं. "मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, मला येतं."

दार बंद होऊन लिफ्ट मला घेऊन परत वर गेली. मला उतरायचं भानच राहिलं नव्हतं. सगळ्यांची मुलं खूश ठेवण्याच्या नादात, जिला खरोखर शिकायचं होतं तिलाच मी फसवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. ऑफिसला न जाता मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

"मग आता?" ती म्हणाली.

"पाहणीला तिला बोलवावं म्हणतो. खरं खेळायला."

"आणि तुम्ही तिला सगळ्यांसमोर पाडलंत तर?"

"तर पाडीन."

"हॉल जाईल. पाटी नृत्याची आहे."

"जाऊ दे."

बायकोने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "तिच्या आईशी मी बोलते," ती म्हणाली.

पाहणीच्या दिवशी हॉल गच्च भरला. समिती पुढच्या खुर्च्यांवर, मागे आईबाप. डॉक्टर दवाखाना बंद करून वर आले होते. मुलांनी पावलं केली, ती छान झाली, सेक्रेटरींनी 'नृत्य सुंदर' असा शेरासुद्धा दिला. तिथेच थांबलो असतो तर टेबल बाल्कनीतच राहिलं असतं. पण दाराशी टिचकी येऊन उभी होती. मी तिला बोलावलं.

"आज खोटं पडलात तर मी कध्धीच येणार नाही," तिने आधीच बजावलं.

"नाही पडणार."

तिने पाय पुढे ठेवला, मी ठेवला. आम्ही डुलू लागलो. तिने ढकललं, मी सरकलो, तिचा पाय अलगद ओढला आणि ती बसली. उठली. पुन्हा डुललो, पुन्हा बसली. मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. "एवढ्याशा पोरीशी काय मर्दुमकी!" कुणीतरी ऐकू येईल असं म्हणालं. पोहणारा मुलगा ओरडला, "सर, पडा ना!" एकदा 'आई गं' म्हटलं असतं की सगळे टाळ्या वाजवून घरी गेले असते. पडायची इच्छा मला आयुष्यात इतकी कधी झाली नव्हती. मी तिला पुन्हा पाडलं.

ती उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ किंचित बाहेर होती. पुन्हा तिचा पाय ओढायला गेलो. या वेळी तिने तो मागे खेचलाच नाही. माझ्या ओढीबरोबर ती नुसती डुलत पुढे आली, जशी ती इतके दिवस भिंतीकडे बघत डुलली होती तशीच, आणि मी एका पायावर असताना तिचा दुसरा पाय माझ्या घोट्यामागे लागला. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

'आई गं' म्हणायला सवड मिळाली नाही. माळ्यावरून ट्रंक पडावी तसा मी पडलो.

कुणी ओरडलं नाही. माझ्या पडण्याच्या सगळ्या तऱ्हा त्या मुलांना पाठ होत्या, आणि ही त्यातली नव्हती. मी छताकडे बघत पडून राहिलो. छातीतला श्वास कुठेतरी गेला होता. पंखा आणि मी यांच्यामधे टिचकीचा चेहरा आला.

"खरं?"

मी मान हलवली.

"शप्पथ?"

"शप्पथ," कसंबसं म्हणालो.

ती मटकन माझ्या शेजारी बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागली. मग रडता रडता हसू लागली. मला बढती मिळाली होती तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. तेव्हा तर मी उभा होतो.

मग एकदम गलका झाला. डॉक्टर टाळ्या वाजवत होते. मुलं पुढे धावली होती, आणि 'सर, आता मला! मला पण खरं!' अशी रेटारेटी चालली होती. त्या गोंगाटात सेक्रेटरींचा आवाज आला. "हे नृत्य नाही." रेटारेटी थांबली. "ही सरळसरळ पाडापाडी आहे. कोणत्याच कलमात बसत नाही." ते थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज पसरलं. "नवीन कलम लिहावं लागेल. पोटकलमांसकट. आज रात्रीच बसतो." त्यांच्या पत्नी मागच्या रांगेतून म्हणाल्या, "आणि टेबल?" ते खिशातलं पेन शोधू लागले.

बायको वाकून विचारत होती, "लागलं का हो?" मी 'नाही' म्हटलं. ते खोटं होतं, पण ते तिच्यासाठी होतं.

टिचकीने बाहीने नाक पुसलं, उठली आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

"परत," ती म्हणाली.

"थांब गं, आधी मला उठू तर दे."

मी उठलो, कपडे झटकले, आणि त्या छत्रीएवढ्या मुलीसमोर पहिल्यांदाच जपून उभा राहिलो.